तात्पुरतं नाव

दार वाजलं की आतून विचारतात, कोण?
बाहेरचा म्हणतो, मी.
घरच्यांना एवढं पुरतं.
टॉवरला पुरत नाही. त्याला पंधरा आकडे लागतात,
आणि जुना फोन इतका भोळा
की पहिल्याच हाकेला, भर रस्त्यात,
सगळे खणखणीत सांगून मोकळा होतो.
हाक टॉवरची आहे
की पुलाखाली उभ्या एखाद्या पांढऱ्या व्हॅनची,
हे तो उलटून विचारत नाही.

ओउलूत मी हेच काम करते.
निळ्या फोमच्या सुळक्यांनी मढवलेली खोली,
स्वतःची खाकरही जिथं परत येत नाही,
तिथं फोनला लाजायला शिकवते.
(लाजायला हा वेइक्कोचा शब्द. मला आवडत नाही.)
आकडे लखोट्यात घाल,
लखोट्याला घरचं कुलूप लाव,
दर वेळी कागद वेगळा, घडी वेगळी,
म्हणजे कालचं पाकीट आणि आजचं पाकीट
एकाच माणसाचं, हे वाटेत कुणाला कळू नये.
मग नेटवर्क एक तात्पुरतं नाव देतं.
ते वापरायचं, विटायच्या आत टाकायचं.
काही कंपन्या आळशी,
आठवडाभर तेच नाव चालवतात, मळक्या शर्टासारखं.
त्यांना मी कडक पत्रं लिहिते.

नोव्हेंबरात माझा धाकटा भाऊ गेला. ऊर्हो.
म्हणजे मेला नाही, निघून गेला.
टेबलावर चिठ्ठी: बरा आहे. शोधू नका.
वर सायकलची किल्ली ठेवलेली.
पोलीस म्हणाले, बत्तीस वर्षांचा माणूस आहे,
अक्षरही स्थिर आहे.
आई म्हणाली, तू तर टॉवरवाली.
एवढंच म्हणाली, आणि राईच्या पावाला लोणी लावत राहिली
पाव तुटेपर्यंत.

माझ्याकडे पास होता. तपासणीसाठी दिलेला,
तीन सह्या घेऊन.
रात्री दोनला, हीटर टकटकत असताना,
मी त्याचा नंबर टाकला.
एक बटण, की गाव कळलं असतं, टॉवर कळला असता,
टॉवरची कुठली बाजू तेही:
समुद्राची की जंगलाची.
कुलूप माझं होतं, चांगलं होतं,
बाहेरच्या कुणाला उघडलं नसतं.
पण मी आत उभी होते.

वेइक्कोशी भांडताना मीच म्हणाले होते,
कॉफी सांडेपर्यंत टेबल आपटून,
की चोराला कुलूप आणि आईला किल्ली
असं गणितात लिहिता येत नाही.

मी काही थोर नाही.
बोट चार मिनिटं बटणावर होतं,
घड्याळ समोर होतं म्हणून सांगते.
मग मागून एकेक आकडा खोडला.
एक सात उरला होता, त्याला वेळ लागला.
सकाळी पास परत केला. वेइक्कोनं का ते विचारलं नाही.
आईला खोटं सांगितलं: तसं करता येत नाही.
तिला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

मार्चात, गोठलेल्या समुद्रावरून घरी चालत येताना
फोन वाजला. नंबर दिसत नव्हता.
कोण?
मी.
त्याच्यामागे वारा होता. किंवा हायवे. किंवा पंखा.
माझा कान सवयीनं मोजायला लागला,
तेव्हा फोन दुसऱ्या कानाला धरला,
ज्यानं मला लहानपणापासून कमी ऐकू येतं.
तिकडे अजून बर्फ आहे का, त्यानं विचारलं.
आहे, म्हटलं. गुडघाभर.
आणि तुझ्याकडे, हे ओठांवर आलेलं
तसंच सोडून दिलं. नुसती वाफ निघाली.
आईचा खोकला कसा आहे?
सांगितलं. सगळंच सांगितलं,
शेजारच्या मांजरीला झालेल्या पिल्लांपर्यंत.

फोन बंद झाला तेव्हा मी मधोमध होते,
मागे किनारा नाही, पुढे दिवे अजून दूर.
खिशात, एव्हाना,
मला बहुतेक नवं नाव मिळालं असेल.